'सैन्यात "का?" विचारायचं नसतं' : खरं काय?

वास्कोपासून फोंड्यापर्यंतच्या ग्रुपांवर हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय: 'फौजेत वरिष्ठ म्हणेल ते मुकाट करायचं, मतभेदाला जागाच नाही.' कवायतीचं मैदानच नजरेसमोर असलं की तसं वाटणारच.

प्रत्यक्षात मतभेदाला जागा आहे, पण ती निर्णयाआधी. बेत आखला जात असताना कनिष्ठ अधिकाऱ्याने 'साहेब, या वाटेने वेळ पुरणार नाही' असं कारणासकट, शक्यतो पर्याय देऊन सांगायचं असतं. न सांगणं हीच चूक. निर्णय झाला की चर्चा संपते.

अवघड भाग पुढेच. न पटलेला हुकूम जवानांपुढे मांडताना 'वरून आलंय, काय करणार' म्हटलं की घात झाला. पाठवणाऱ्याचाच विश्वास नाही हे जवान लगेच ओळखतात आणि काम अर्ध्या मनाने होतं. म्हणून हुकूम स्वतःचा म्हणून द्यायचा: परिस्थिती, उद्दिष्ट, कुणी काय करायचं, रसद, संपर्क. शेवटी शंका विचारून घड्याळं जुळवायची. कारण सांगता येत असेल तर सांगावं. पण पटल्याचं खोटं नाटक नको, तेही उघडं पडतं.

बेकायदा हुकमाचं काय? आर्मी ॲक्ट, 1950 चं कलम 41 काढून वाचा. शिक्षा आहे ती 'कायदेशीर' हुकूम मोडल्याची; तो एक शब्द फॉरवर्डमध्ये गळतो. अन्याय झाला असं वाटलं तर दाद मागायची वाट कलम 26 आणि 27 मध्ये आहे. कायद्याचा मजकूर सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो.