हातमाग व्यवसाय, नागपूर

नागपूरच्या इतवारी, पाचपावली, तांडापेठ, गोळीबार चौक या जुन्या वस्त्यांत मुख्यतः कोष्टी व हलबा-कोष्टी विणकरांनी चालविलेला गृहोद्योग. रेशीमकाठी सुती लुगडी व धोतरे ही त्याची जुनी ओळख. व्यवसायाचा आरंभ निश्चित सांगता येत नाही. भोसल्यांच्या राजवटीत, म्हणजे साधारणपणे अठराव्या शतकाच्या मध्यानंतर, तो भरभराटीस आला असावा. 1867 मध्ये रेल्वे आली आणि 1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली. गिरणी विणकराची प्रतिस्पर्धी ठरली, तशीच सूत पुरवणारीही.

व्यापारी सूत देतो, कापड घेतो आणि नगावर मजुरी चुकती करतो. कांड्या भरणे, ताणा (उभे सूत) करणे, पाजणी (सुताला खळ देणे) ही कामे घरातील बायका व मुले करीत. त्यांचा वेगळा हिशेब या मजुरीत नसतो. त्यामुळे विणकराची मिळकत म्हणून जो आकडा दिला जातो, तो बहुधा सबंध घराचा असतो.

सरकारी धोरणाचा भर सुतावर राहिला. गिरण्यांनी देशांतर्गत वापरासाठी बांधलेल्या सुतापैकी किमान 50 टक्के सूत लडीच्या स्वरूपात द्यावे, असे बंधन होते. त्यातही 85 टक्के सूत 40 नंबरपर्यंतचे असावे लागे. (840 यार्डांची एक लड, आणि एका पौंडात अशा जितक्या लडी बसतात तितका सुताचा नंबर; नंबर मोठा तितके सूत बारीक.) यंत्रमागाला सूत कोनावर (शंकूच्या आकाराच्या रिळावर) लागते, म्हणून लडीचे सूत आपोआप हातमागाकडेच जाईल, असा हिशेब होता. प्रत्यक्षात लडीच्या सुताला अबकारी शुल्कात सूट असल्याने लड उलगडून घेणे यंत्रमागवाल्यांनाही परवडू लागले. 50 टक्क्यांचे हे बंधन 2003 मध्ये 40 व 2019 मध्ये 30 टक्क्यांवर आणले गेले. बारीक सुताचा विणकर या तरतुदीच्या कडेलाच राहिला, असे म्हणता येईल.

कापडाचे ठराविक वाण (प्रकार) हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा 1985 चा. सर्वोच्च न्यायालयाने तो 1993 मध्ये वैध ठरविला. पुढे राखीव वाणांची संख्या 22 वरून 11 वर आली. राज्य हातमाग महामंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे. 1976 पासूनच्या जनता कापड योजनेने मागांना काम दिले, पण ते जाड्याभरड्या, स्वस्त कापडाचे. काठाच्या कसबाला त्यात वाव नव्हता.

मागावरून उठलेल्या पिढीने सरकारी नोकरीची वाट धरली आणि तेथे उत्पत्तीचा वाद निर्णायक ठरला. हलबा-कोष्टी हे विणकाम पत्करलेले मूळचे हलबा आदिवासी, असे एक मत. ती कोष्टी जातीचीच पोटशाखा, असे दुसरे. 28 नोव्हेंबर 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जमातींच्या यादीतील 'हलबा' या नोंदीत हलबा-कोष्टींचा समावेश करता येत नाही, असा निर्णय दिला. न्यायालयापुढील प्रश्न नोंदीच्या अर्थाचा होता, इतिहासाचा नव्हे. दोन्ही पक्ष मात्र निकाल इतिहासाच्या बाजूने वापरतात. अवैध जमातदाव्यावर मिळालेल्या नोकरीला संरक्षण देता येत नाही, असे न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर डिसेंबर 2019 च्या शासन निर्णयाने राज्यातील अशा कर्मचाऱ्यांना 11 महिन्यांच्या अधिसंख्य (मंजूर पदांपेक्षा जादा, तात्पुरत्या) पदांवर वर्ग करण्याची तरतूद केली.