हवा पोचत नाही, तिथेच पत्रा आधी सडतो

व्हॅनच्या दाराखाली पत्र्याला भोक पडलं की गोव्यात एकच निदान ऐकू येतं: "खारं वारं, दुसरं काय? मीठ लोखंड खातं." मीठ लोखंड खात नाही. ते दोन कामं करतं: ओल धरून ठेवतं आणि त्या ओलीतून विद्युतभार वाहू देतं. शुद्ध मीठ सुमारे 75 टक्के आर्द्रतेला पाझरायला लागतं, पण समुद्राच्या खारात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला 33 टक्के पुरतात. म्हणून मिरामारच्या किनाऱ्यावर उभ्या गाडीचा पत्रा जानेवारीतही पुरता कोरडा होत नाही.

खरी गंमत पुढे आहे. घासून लख्ख केलेल्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा. काठाशी पाण्याचा थर पातळ, म्हणून तिथे हवेतला ऑक्सिजन भरपूर पोचतो, मध्यभागी कमी. एवढ्याशा फरकाने थेंबाखाली विजेचा घट तयार होतो. मध्यभागी लोखंडाचे अणू दोन-दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयन होऊन पाण्यात उतरतात, हा ॲनोड. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच काठाकडे जातात. तिथे, म्हणजे कॅथोडवर, ऑक्सिजन आणि पाणी ते घेतात व हायड्रॉक्सिल आयन बनतात. दोन्ही आयन अधल्यामधल्या जागी भेटले की तांबूस कडं उमटतं. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांच्या या प्रयोगात हायड्रॉक्सिल दाखवणारं फिनॉल्फ्थॅलिन टाकलं तर काठ गुलाबी होतो आणि लोखंडाचे आयन दाखवणाऱ्या फेरीसायनाइडने मध्य निळा. गंज दिसतो कड्यावर, झिजतो मात्र मधला पत्रा!

आता जुन्या ओम्नीखाली वाकून बघा. चाकाच्या कमानीत थापलेली लाल माती, सरकत्या दाराचा खालचा रूळ, स्पॉट वेल्ड केलेल्या दोन पत्र्यांमधली फट: सगळीकडे ओल आहे आणि ताजी हवा पोचत नाही, थेंबाच्या मध्यासारखीच. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाला फुगा येतो. त्यावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबा. ते आत गेलं तर पत्रा आतून बाहेर सडत आलाय.

अशा फुग्यावर पुट्टी फासून रंग मारणं ही शुद्ध फसवणूक आहे. पॉलिएस्टर पुट्टी ओल शोषते, खाली घट चालूच राहतो. सडका भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करायला हवा. पत्रा शाबूत असेल तर पापुद्रे खरवडून उरलेल्या पातळ गंजावर टॅनिक आम्लाचं कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचं रूप बदलणारं द्रावण, चालतं. गंजाचं निळसर काळं टॅनेट होतं. जस्ताचा प्रायमर मात्र उघड्या लोखंडालाच भिडला पाहिजे, कारण जस्त आपले इलेक्ट्रॉन देऊन लोखंडाला वाचवतं. मध्ये गंजाचा थर राहिला तर ही देवघेव बंद. जस्तावर इपॉक्सी, मग रंग.

बॅटरीला जोडायची "गंजरोधक" इलेक्ट्रॉनिक डबी विकत घेऊ नका. जहाजाचा बुडालेला भाग अखंड पाण्यात असतो, म्हणून तिथे विद्युतप्रवाहाने संरक्षण मिळतं. रस्त्यावरच्या व्हॅनभोवती असं पाणी नसतं, सर्किट पुरं होत नाही, आणि डबीवरचे दिवे लुकलुकल्याने रसायनशास्त्र बदलत नाही.

वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या आतल्या बाजूचा रंगही जळतो, हे गॅरेजात हमखास विसरतात. त्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं मेण, मारून घ्या, पण मे महिन्यात, पत्रा पुरता वाळलेला असताना. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. वॅक्सने ती बुजली तर तारेने मोकळी करा.