बालकल्याण समिती की बाल न्याय मंडळ: अहवाल कोणासाठी लिहितो आहोत?

कळंगुटच्या किनाऱ्यावर रात्री माळा विकताना आढळलेला दहा वर्षांचा मुलगा बालकल्याण समितीपुढे, म्हणजे काळजी व संरक्षण लागणाऱ्या मुलांचा विचार करणाऱ्या समितीपुढे जातो. मडगावच्या बाजारात मोबाइल चोरताना पकडलेला पंधरा वर्षांचा मुलगा बाल न्याय मंडळापुढे, जिथे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणे चालतात. दोघांनाही प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत हजर करायचे असते. गोंधळ पुढे होतो, समाजकार्य, मानसशास्त्र, वैद्यक आणि कायदा या शाखांतली माणसे त्याच मुलाबद्दल लिहू लागतात तेव्हा.

समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात, मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते. समितीला कळायला हवे असते, हे मूल कोणाजवळ सुरक्षित राहील? मंडळाला विचारायचे असते, हे हातून का घडले आणि मुलगा मार्गी कसा लागेल? त्यामुळे समितीसाठी लिहिलेला अहवाल तारीख बदलून मंडळाला दिला तर तो निरुपयोगी ठरतो.

सामाजिक तपासणीला, म्हणजे मुलाचे घर व परिस्थिती यांच्या चौकशीला, दोन्हीकडे १५ दिवसच मिळतात. कुटुंब बागलकोट किंवा विजापूरकडचे असेल तर तिथल्या जिल्ह्याला पहिल्याच दिवशी कळवावे. आठवडाभर थांबलात तर घरची माहिती वेळेत येत नाही. कन्नड किंवा लमाणी बोलणाऱ्या मुलाची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीत घेतली की गुण कमी पडतात, आणि तो आकडा पुढच्या प्रत्येक कागदावर त्याचा पिच्छा पुरवतो. दुभाषा पहिल्या भेटीपासूनच हवा, आणि तो नातेवाईक नसावा.

सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल तर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवायचा का हे ठरवण्यासाठी मंडळ तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करते. ते खटला नव्हे. ‘याने गुन्हा केला’ असे मानसशास्त्रज्ञाने लिहिणे चूकच. तिथे मुलाची क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती एवढेच तपासायचे असते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ मधले सर्वांत मोलाचे कलम मात्र फारच कमी वापरले जाते. चोरी करणाऱ्या मुलामागे त्याला राबवणारा प्रौढ असेल तर कलम ८ नुसार मंडळ मुलाचे प्रकरण कोणत्याही टप्प्यावर समितीकडे पाठवू शकते, आणि दोघांनी मिळून त्याच्याकडे पाहणे कायद्यालाच अपेक्षित आहे. त्या प्रौढावर कलम ८३ खाली गुन्हा नोंदवता येतो. हे दिसायचे तर सगळ्या शाखांनी पहिल्या तीन-चार दिवसांत एकत्र बसून प्रश्न वाटून घ्यावेत. नाहीतर मुलाला तीच हकिगत चार जणांपुढे सांगावी लागते आणि चौथ्या वेळी ती बदललेली असते.

मूल मेरशीच्या ‘अपना घर’ या मुलांच्या निवासगृहात आहे, एवढ्यावरून ते समितीकडचे की मंडळाकडचे हे ठरवू नये. आदेशावर सही कोणाची आहे ते पाहावे.