एका श्वासात किती आकडे?

"काका, छाती भरून श्वास घ्या आणि एकपासून मोठ्यानं आकडे म्हणा. मध्ये श्वास घ्यायचा नाही."

धायरीचे काका, वय पन्नाशीच्या पुढे. पंधरा दिवसांपूर्वी जुलाब झाले, थांबले. परवापासून पायांत मुंग्या, काल जिना चढताना गुडघे दुमडले, आज मुलाच्या खांद्यावर हात टाकून आले. बीपी ठीक. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९८. मुलाच्या चेहऱ्यावर 'उगाच घाबरलो का' असा भाव. काकांनी सुरुवात केली आणि चौदावर अडकले. कसनुसं हसून म्हणाले, "काल झोप झाली नाही नीट." समोरची डॉक्टर हसली नाही. तिनं सिस्टरना आधी आयसीयूत बेड आहे का विचारायला सांगितलं.

ही डॉक्टर माझी शाळेपासूनची मैत्रीण. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात ती इमर्जन्सी मेडिसिनची तज्ज्ञ आहे. प्रसंग जानेवारी २०२५ चा. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात तेव्हा गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे वर्तमानपत्रांतल्या 'जीबीएस'चे रुग्ण एकापाठोपाठ एक निघत होते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर उठते. बहुतेक वेळा आधी एखादा संसर्ग होऊन गेलेला असतो. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला होता. त्याच्या आवरणावरची काही रचना आपल्या नसांवरच्या रचनेसारखीच दिसते, आणि शरीर फसतं. अशक्तपणा सहसा पायांपासून वर चढतो, आणि छातीपर्यंत पोहोचला की श्वासाचे स्नायू थकू लागतात.

मग ऑक्सिमीटर ९८ कसा दाखवतो? फुप्फुसं चांगलीच असतात म्हणून. दमतो तो भाता. हवा आत-बाहेर करण्याची ताकद हळूहळू कमी होते, पण रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागतो तो अगदी शेवटी. तोवर वेळ निघून गेलेली असते. एका दमात म्हटलेले आकडे मात्र आधीच सांगून जातात. धडधाकट माणूस सेकंदाला दोनच्या वेगानं चाळीसच्या आसपास सहज जातो. विसाच्या खाली थांबला तर रुग्णाला नजरेआड करायचं नाही. या तपासणीला यंत्र लागत नाही आणि पैसे पडत नाहीत. मला तरी कोट्यवधींच्या एमआरआयपेक्षा तिचंच कौतुक जास्त वाटतं.

या शाखेचा स्वभाव इथेच दिसतो. बाकीचे डॉक्टर विचारतात, याला काय झालंय? इमर्जन्सीतला डॉक्टर आधी विचारतो, याचा जीव कशानं जाऊ शकतो, आणि किती वेळात? निदान नंतर झालं तरी चालतं. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण ही तपासायची उतरंड ठरलेली असते, आणि वरची पायरी सुधारल्याशिवाय खालच्या पायरीवर जायचं नसतं. अपघाताच्या रुग्णांसाठी ही शिस्त घालून देणाऱ्या प्रशिक्षणामागे एक दुःखद गोष्ट आहे. १९७६ साली अमेरिकेत जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदाचं छोटं विमान नेब्रास्कातल्या शेतात कोसळलं. पत्नी गेली, मुलं जबर जखमी झाली. जवळच्या गावातल्या इस्पितळात मुलांवर जे उपचार झाले, ते पाहून हा सर्जन हादरला. तिथं माणसं होती, पण आधी काय आणि नंतर काय हे कुणाला शिकवलंच नव्हतं. आज जगभर शिकवला जाणारा 'एटीएलएस' अभ्यासक्रम त्यातून उभा राहिला.

आपल्याकडे ही शाखा त्याहून नवी. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात तिचं पदव्युत्तर प्रशिक्षण १९७० मध्ये सुरू झालं. भारतात मेडिकल कौन्सिलनं स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली ती २००९ मध्ये. पुण्याचं ससून १८६७ पासून उभं आहे, म्हणजे तातडीचे रुग्ण या शहराला नवे नाहीत. नवा आहे तो फक्त त्यांच्यासाठीच शिकलेला डॉक्टर. त्याआधी 'कॅज्युअल्टी' असायची. तिथं बहुधा नवखा सीएमओ, म्हणजे ड्युटीवरचा डॉक्टर बसायचा, टाके घालायचा, एमएलसीचे, म्हणजे पोलिसांत नोंदवायच्या केसेसचे कागद भरायचा आणि मोठ्या डॉक्टरांना फोन लावायचा. मैत्रिणीच्या वडिलांच्या डोक्यात तेच चित्र होतं. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, मग नीट-पीजी, आणि एवढं करून मुलगी तीन वर्षांच्या एमडीसाठी ही शाखा निवडते म्हटल्यावर ते म्हणाले होते, "अगं, म्हणजे शेवटी कॅज्युअल्टीतच बसणार ना?"

त्या तीन वर्षांत ती भूलतज्ज्ञांकडे श्वासनलिकेत नळी घालायला शिकली, आयसीयूत, बालरोग विभागात, हृदयरोग विभागात राबली. सगळ्यांचं थोडंथोडं येतं असं या डॉक्टरांबद्दल कुत्सितपणे बोललं जातं. मला ते अर्धवट वाटतं. प्रत्येक आजाराचा पहिला तास यांना पुरता यावा लागतो.

पहिल्या तासात काय काय घडू शकतं ते मी घरातच पाहिलं. माझ्या मामांना एका लग्नात पोटाच्या वरच्या भागात जळजळायला लागलं, दरदरून घाम फुटला. जेवण जड झालं होतंच. जवळच्या एका दवाखान्यात 'पित्त' म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. घरी शेजारच्या आजोबांनी प्रेमानं त्यांच्या जिभेखाली सॉर्बिट्रेटची, छातीत दुखलं की ठेवतात ती गोळी ठेवली, आणि दहा मिनिटांत मामा पांढरे फटक पडले.

इमर्जन्सीत पोहोचल्यावर दहा मिनिटांच्या आत ईसीजी झाला. छातीत दुखणाऱ्यासाठी तो तसा व्हावा हा जगभरचा दंडक आहे. पट्टीवर हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका दिसत होता. हा भाग छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, म्हणजे पोटाला लागून. हृदयाच्या आणि जठराच्या संवेदना मज्जारज्जूत जवळजवळच्या पातळ्यांवर शिरतात, आणि मेंदूला त्यांचा पत्ता नीट लागत नाही. म्हणून हा झटका पित्ताच्या वेषात येतो. मग डॉक्टरांनी एक वायर डावीकडून काढून छातीच्या उजव्या बाजूला लावली आणि पुन्हा ईसीजी काढला. ते मला तेव्हा विचित्र वाटलं होतं. उजव्या कप्प्यालाही झटका बसला आहे का, ते त्यातून कळतं. बसला होता. असं दुखावलेलं हृदय मागून येणाऱ्या रक्ताच्या लोंढ्यावरच कसंबसं चालतं. सॉर्बिट्रेट शिरा सैल करतं, रक्त तिथंच साठून राहतं, लोंढा आटतो आणि बीपी कोसळतं. एरवी छातीच्या दुखण्यावर आराम देणारी गोळी इथे उलटली होती. त्यांनी सलाईन सोडलं, बीपी वर आलं, मग अँजिओप्लास्टीसाठी वर नेलं. मध्येच आम्हा सगळ्यांना पडद्याबाहेर काढून मामांना काहीतरी विचारलं. मैत्रिणीनं नंतर उलगडा केला: व्हायग्रासारखी गोळी घेतली होती का, हे बायको-मुलांसमोर कुणी खरं सांगत नाही, आणि त्या गोळीवर सॉर्बिट्रेट पडलं तरीही बीपी असंच कोसळतं.

या लोकांचे प्रश्न असेच तऱ्हेवाईक वाटतात. लकव्याच्या रुग्णाच्या नातेवाइकांना 'कधी झालं' एवढंच विचारून भागत नाही. यांना शेवटचं धड बोलताना-चालताना कुणी, किती वाजता पाहिलं ते हवं असतं. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि सकाळी उठल्यावर तोंड वाकडं दिसलं तर घड्याळ रात्री झोपल्यापासून मोजलं जातं.

आपली मोठी तक्रार असते, 'आम्ही आधी आलो, यांना आधी घेतलं.' दारातच लाल, पिवळा, हिरवा असा क्रम लागतो, त्याला ट्रायज म्हणतात. हात मोडून कळवळणारा पिवळा, आणि शांत पडलेला, घामेजलेला म्हातारा लाल. आरडाओरडा करायला लागतो तो श्वास ज्याच्याकडे आहे, तो थोडा थांबू शकतो. हे नवले पुलाजवळच्या अपघातातून आलेल्या जमावाला रात्री एक वाजता समजावून सांगणं, हे मैत्रिणीच्या मते नळी घालण्यापेक्षा अवघड.

धायरीच्या काकांचं पुढं काय झालं, हे मी तिला विचारलंच. त्याच रात्री अडीच वाजता त्यांना व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं, एवढं तिला ठाऊक होतं, कारण नळी घालायला वर तिलाच बोलावलं होतं. त्यानंतरचं न्यूरोवाल्यांना माहीत. सकाळी आठला हँडओव्हर झाला, ती घरी जाऊन झोपली, संध्याकाळी परत आली तेव्हा इमर्जन्सीतल्या त्यांच्या बेडवर ताप आलेलं एक पोर होतं. तिच्या खिशातल्या छोट्या वहीत त्या तारखेखाली काकांची एवढीच नोंद आहे: 'पाय गेले, ऑक्सिजन ९८, आकडे १४.'