लवादाचा निवाडा म्हणजे नुसता सल्ला नव्हे

‘लवादाचा कागद कोर्टात चालत नाही, पटला तर पाळायचा’ हा समज व्यापाऱ्यांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो साफ चूक आहे. लवाद म्हणजे करारानुसार कोर्टाऐवजी वाद मिटवायला नेमलेला पंच, आणि त्याचा निर्णय म्हणजे निवाडा. 1996च्या लवाद व सलोखा कायद्याच्या कलम 35 नुसार निवाडा दोन्ही पक्षांवर बंधनकारक असतो. कलम 36 नुसार त्याची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखीच (दाव्यातल्या अंतिम आदेशासारखीच) होते. नवा दावा लावावा लागत नाही, दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, पुरते; खातं गोठवणं, मालमत्तेची जप्ती हे सगळं त्यातच येतं.

हा समज अगदीच हवेतून आलेला नाही. 2015च्या दुरुस्तीपूर्वी कलम 34 खाली निवाड्याविरुद्ध नुसता अर्ज टाकला की वसुली आपोआप थांबायची. आता स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि पैशाच्या निवाड्यात न्यायालय बहुधा रक्कम किंवा तारण भरायला लावतं. निवाड्याला आव्हान देण्याची मुदतही कडक आहे: निवाड्याची सहीची प्रत मिळाल्यापासून 3 महिने, सबळ कारण दाखवलं तर आणखी 30 दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. शिवाय न्यायालय पुरावा नव्याने तोलत बसत नाही.

निवाडा कोसळू शकतो तो करारातल्या एका ओळीमुळे: ‘वाद झाल्यास एकमेव लवाद आमचे व्यवस्थापकीय संचालक नेमतील.’ हितसंबंध असलेल्याने एकतर्फी केलेली अशी नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये अमान्य ठरवली. समोरच्याने वाद उद्भवल्यानंतर लेखी हरकत सोडली असेल तरच ती टिकते. नुसतं सुनावणीला हजर राहणं म्हणजे संमती नव्हे.