माहिती-सुरक्षेचा सामायिक अभ्याससंग्रह

संगणक, नेटवर्क आणि डेटा यांची सुरक्षा शिकवणारे धडे, सरावाच्या जागा, साधने व टिपणे अनेकांनी मिळून पारखून सर्वांसाठी खुला ठेवलेला साठा. नुसत्या लिंकांच्या यादीला संग्रह म्हणता येत नाही. धडा कोणासाठी आहे, आधी काय यायला हवे, पैसे पडतात का आणि शेवटचे कोणी, कधी तपासले, हे प्रत्येक नोंदीत असावे लागते.

असा संग्रह कुठे रुजेल, याचे उदाहरण म्हणून नाशिक घ्या. या शहराला पुस्तके सामाईक ठेवण्याची सवय जुनी आहे. इथले सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. शिवाय १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ याच शहरात असल्याने घरी बसून शिकणारा विद्यार्थीही ओळखीचा. त्याची खरी अडचण इंग्रजी धड्यात एकटे अडकण्याची असते, आणि संग्रहातली मराठी टीप तिथेच कामाला येते.

ओव्हरदवायर या संकेतस्थळावरचा ‘बँडिट’ हा नवशिक्यांचा मोफत खेळ घ्या. यात आज्ञा टाइप करून प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीचा पासवर्ड शोधायचा असतो. एका पायरीवर पासवर्ड ज्या फाइलमध्ये आहे, तिचे नावच नुसते ‘-’ असे आहे. फाइलमधला मजकूर दाखवणाऱ्या ‘कॅट’ आज्ञेपुढे हे चिन्ह दिले की काहीच घडत नाही, कर्सर लुकलुकत राहतो. मुले मशीन हँग झाले समजून खिडकी बंद करतात. ‘मशीन अडकलेले नाही, तुमच्या टायपिंगची वाट पाहते आहे, फाइलचा मार्ग पूर्ण लिहून बघा’, एवढी ओळ पुरते. पासवर्ड मात्र टिपेत देऊ नये, सरावच संपतो.

सर्वांत कष्टाचे काम छाटणीचे. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड्या बहाराची छाटणी चुकवून चालत नाही. संग्रहालाही वर्षातून दोनदा कात्री लागावी. वेब-सुरक्षेसाठी काम करणाऱ्या ओवास्प या ना-नफा संस्थेच्या वेब-धोक्यांच्या २०१७ च्या यादीत ‘इंजेक्शन’ (माहितीच्या रकान्यातून घातक आज्ञा घुसवणे) पहिले होते, २०२१ मध्ये ते तिसरे झाले आणि प्रवेश-नियंत्रणातील त्रुटी (कोणाला काय पाहता-करता येईल यातल्या चुका) पहिल्या आल्या. ठरावीक दिवसांनी सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नये, असे मानके ठरवणाऱ्या अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच सांगितले. तरी जुने धडे अजून उलटच शिकवतात. शिळा धडा नसलेल्या धड्यापेक्षा वाईट, कारण शिकणारा त्यावर विश्वास ठेवतो.

सरावासाठी वेबगोट किंवा डीव्हीडब्ल्यूए ही मुद्दाम कच्ची ठेवलेली अ‍ॅप्लिकेशने स्वतःच्या लॅपटॉपवर, इंटरनेटपासून तोडून चालवावीत. परवानगीशिवाय, अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही सूचना संग्रहाच्या पहिल्याच पानावर हवी. चोरून स्कॅन केलेली पुस्तकेही ठेवू नयेत. ओवास्पसारख्यांचे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे साहित्य श्रेय देऊन मराठीत आणता येते.