संध्याकाळची मिस्सा आली कुठून?

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यांतली शिफ्ट संपवून, हेल्मेट हातात घेऊनच माणसं संध्याकाळच्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेला येतात. कुणी नर्स युनिफॉर्मवरच मागच्या बाकावर टेकते. आज यात कुणालाच काही विशेष वाटत नाही. पण आमच्या आजीच्या तरुणपणी अशी मिस्साच नव्हती.

कारण होतं उपवासाचं. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर (कम्युनियन) स्वीकारायची तर मध्यरात्रीपासून पोटात अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. मिस्सा अर्पण करणाऱ्या फादरांनाही तोच नियम, म्हणून मिस्सा सकाळीच. आजी शनिवारी रात्री माठावर ताट पालथं घालून वर वरवंटा ठेवायची. अर्धवट झोपेत एखादं लेकरू पाणी प्यायलं, तर त्याची कम्युनियन हुकायची. नागपूरचा मे महिना ज्यांनी काढलाय, त्यांना यापुढे सांगायला नको.

पूर्वी लोक वर्षातून मोजक्याच वेळा कम्युनियन घेत, तोवर हे निभत होतं. पोप दहावे पायस यांनी १९०५ मध्ये रोजच्या कम्युनियनला उत्तेजन दिलं आणि १९१० मध्ये साधारण सात वर्षांच्या मुलांनाही ती खुली केली. ओढ वाढली, नियम मात्र तसाच राहिला. गिरणीचा भोंगा आणि रेल्वेची ड्यूटी काही उपवास बघून थांबत नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना सवलती मिळाल्या आणि तिथून गाठ सैल झाली. जानेवारी १९५३ मध्ये बारावे पायस यांनी ठरवलं, की पाण्यानं उपवास मोडत नाही; ठरावीक दिवशी संध्याकाळच्या मिस्सेला परवानगी द्यायची मुभाही बिशपांना मिळाली. १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आला, १९६४ मध्ये एका तासावर. आजारी, वृद्ध आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना आता तीही अट नाही. मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं, कारण रात्रभर रुग्णापाशी बसलेल्या बाईला आता चहा आणि कम्युनियन यांतलं एक निवडावं लागत नाही.

आजोबा रेल्वेत होते. रविवारी ड्यूटी लागली की त्यांची मिस्सा बुडायची आणि आजी एकटीच मुलांना घेऊन जायची. संध्याकाळची मिस्सा सुरू झाली, तेव्हा ड्यूटीच्या रविवारीही दोघं एकाच रांगेत उभे राहिले. माठावरचं ताट मात्र आजी पुढेही कितीतरी वर्षं शनिवारी रात्री पालथं घालत होती.